मोर्चा, मतदान आणि मधली चार वर्षं

१४ जानेवारी २०२६, बुधवार

उद्या महापालिकेचं मतदान. याआधी मुंबईने नगरसेवक निवडले ते २१ फेब्रुवारी २०१७ ला. त्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि तेव्हापासून आजपर्यंत देशातल्या सगळ्यात श्रीमंत महापालिकेत लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस नाही. आयुक्त हेच प्रशासक, तेच स्थायी समिती आणि तेच सभागृह. गेल्या फेब्रुवारीत ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प प्रशासनानेच मांडला आणि प्रशासकांच्याच अधिकारात तो मंजूर झाला. ‘आमच्या वॉर्डातल्या शाळेला यातले किती?’ असं उभं राहून विचारणारं समोर कुणी नव्हतं.

संविधानाचं २४३-यू कलम मी अलीकडे पुन्हा काढून वाचलं. महापालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि ती संपायच्या आत नवी निवडणूक पूर्ण झालेली असली पाहिजे. इतकं सरळ लिहिलेलं आहे. मग कारणं आली. कोविड, ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभाग २२७ चे २३६ आणि सरकार बदलल्यावर परत २२७. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये चार महिन्यांत निवडणुका घ्या असं सांगितलं, त्यालाही मुदतवाढ मागितली गेली आणि ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची तारीख ठरली. यातलं एकेक कारण सुटं ऐकलं तर पटतं. सगळी एकापुढे एक मांडली की चीड येते. सत्तेत आलटून पालटून सगळेच होते, आणि कुणालाही घाई नव्हती.

आज तिळगूळ द्यायला म्हणून इमारतीतल्या पाच-सहा जणी आमच्याकडे जमल्या होत्या. विषय अर्थात उद्याचा. एकीने म्हटलं, ‘नगरसेवक नव्हते तर काय अडलं आपलं? रस्ते झालेच की काँक्रीटचे.’ दुसरीने लगेच पर्समधून मुलाच्या कॉलेज प्रवेशासाठी घेतलेलं शिफारसपत्र काढून दाखवलं. आमच्या जुन्या नगरसेवकांचं लेटरहेड होतं ते. छापील ‘नगरसेवक’ या शब्दाच्या आधी निळ्या पेनाने, बारीक अक्षरात ‘माजी’ लिहिलेलं. चार वर्षं हे गृहस्थ संध्याकाळी आपल्या ऑफिसात बसत राहिले, लोक जात राहिले, ते पत्रं देत राहिले. त्यांच्या पक्षाशी माझं कधी जमलं नाही, पण हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अधिकार संपलेल्या माणसाच्या दारातही लोक जातात, कारण जायला दुसरं दार नाही.

‘काय अडलं’ या प्रश्नाचं उत्तर मी तिथेच दिलं. रस्ता होणं आणि तो कुठला व्हावा हे विचारलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट कुठलाही चांगला अधिकारी करून देऊ शकतो. दुसरीसाठी मत लागतं. आपल्याला विचारलं जात नाही याची सवय होणं, याचीच मला भीती वाटते. बोलताना माझा आवाज चढला. तिळगुळाच्या दिवशी चढायला नको होता, असं आई नंतर म्हणाली. मला तसं वाटत नाही.

१५ जानेवारी २०२६, गुरुवार

सकाळी आईला घेऊन मतदान केलं. बोटावर मार्कर पेनाची रेघ. ती पुसता येते की नाही यावरून दिवसभर टीव्हीवर गदारोळ चालू आहे. एवढ्या वर्षांनी आलेल्या मतदानात लोकांना बोटावरच्या खुणेबद्दलही खात्री वाटू नये, हे वाईट झालं.

परत येताना रिक्षा मृणालताई गोरे उड्डाणपुलावरून आली आणि आईची कळी खुलली. आई गोरेगावात लग्न होऊन आली तेव्हा इथे पाण्याची बोंब होती. पाण्यासाठी पहाटे रांगा, भांडणं, डोक्यावर हंडे. मृणालताई १९६१ मध्ये महापालिकेवर निवडून गेल्या आणि पाण्याचा प्रश्न त्यांनी धरून ठेवला. ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यातूनच पडलं. १९७२ नंतर महागाई विरोधी आंदोलनात बायका थाळ्या-लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्यात आई होती. मृणालताई, अहिल्याताई रांगणेकर, वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका एकत्र. आई कुठल्याच पक्षाची नव्हती. रॉकेल आणि तेल मिळत नव्हतं म्हणून गेली. ‘लाटणं घरचंच होतं, त्यामुळे भीती वाटली नाही,’ असं ती म्हणते. तिच्या त्या थाळीला कडेला अजून पोचा आहे. आम्ही ती पुरण वाटताना खाली ठेवायला वापरतो.

माझ्या डोक्यात मात्र आज दुसरंच काही घोळतंय. ज्या बाई मोर्चाच्या पुढे होत्या त्याच महापालिकेत, मग विधानसभेत आणि १९७७ ला लोकसभेत होत्या. ‘पाणीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा तेव्हाचीच; दिल्लीवाली म्हणजे त्या निवडणुकीत हरलेल्या इंदिरा गांधी. रस्त्यावर जे ओरडून सांगितलं ते दुसऱ्या दिवशी सभागृहात लिहून, आकड्यांसकट विचारलं जाई. मोर्चातल्या बाईला माहीत असायचं की आपला आवाज पुढे कुणाच्या तोंडून जाणार आहे. त्यामुळे मोर्चा संपवून ती शांतपणे घरी जाऊन कुकर लावू शकायची. गेल्या चार वर्षांत आपण नेमका हाच दुवा तोडला. मग आंदोलनं लांबतात, चिघळतात, शहर अडवतात, त्याचं आश्चर्य कसलं?

मी दिंडोशीच्या नागरी निवारा वसाहतीत राहते. ही वसाहतही मृणालताई, बाबूराव सामंत यांच्यासारख्यांच्या वर्षानुवर्षांच्या लढ्यातून उभी राहिली, कोर्टकचेऱ्या करून. माझ्या डोक्यावरचं छप्पर आंदोलनातून आलेलं आहे, त्यामुळे ‘आंदोलन म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग’ असं कुणी माझ्यासमोर म्हटलेलं मला खपत नाही.

१७ जानेवारी २०२६, शनिवार

काल निकाल लागले. २२७ जण निवडून आले. आमच्या प्रभागात मी मत दिलं ती उमेदवार हरली. ठीक आहे, निदान मोजून हरली. कल्याण-डोंबिवलीत मतदानाच्या आधीच कितीतरी जण बिनविरोध निवडून आले. तिथल्या मतदाराला तर बटण दाबायचीही संधी मिळाली नाही, आणि त्याबद्दल मला जास्त वाईट वाटतं.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बोलणं फिरून ऑगस्टवर गेलं. कुणीतरी म्हणालं, ‘आता नगरसेवक आलेत, तरी ते मैदानवाले पुन्हा येऊन बसतीलच.’ मनोज जरांगे पाटलांच्या मराठा आरक्षणाच्या आंदोलनाबद्दल बोलत होते. आमचं ऑफिस फोर्टात, त्यामुळे ते पाच दिवस आम्ही सगळ्यांनी जवळून पाहिले.

२९ ऑगस्ट २०२५ चा शुक्रवार. दीड दिवसाचे गणपती नुकतेच गेले होते. हार्बर लोकलने सीएसएमटीला उतरले तर फलाटापासून सबवेपर्यंत भगवी उपरणी. धो धो पाऊस. परवानगी होती पाच हजार माणसांची आणि संध्याकाळी सहापर्यंतची, आणि प्रत्यक्षात आझाद मैदान भरून माणसं रस्त्यावर सांडली होती. कुणी टँकरच्या धारेखाली अंघोळ करत होतं, कुणी टेम्पोच्या आडोशाला स्टोव्ह पेटवून पोहे करत होतं. आसपासची खाण्याची दुकानं बंद, प्यायला पाणी नाही, अशी तक्रार जो तो करत होता. पुढच्या दिवसांत गावागावांतून भाकरी, ठेचा, चटण्यांनी भरलेल्या गाड्या आल्या. फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरींच्या चळती मी पालिकेच्या इमारतीसमोर फुटपाथवर पाहिल्या.

सबवेच्या तोंडाशी चाळिशीच्या एका माणसाने मला थांबवलं. डोक्यावर खताच्या गोणीची खोळ. ‘ताई, बायामाणसांला जायला हितं सोय कुठं हाय?’ त्याच्यासोबत त्याची बायको आणि म्हातारी आई होती. मी दोघींना आमच्या ऑफिसात घेऊन गेले. पहारेकऱ्याने आधी नाही म्हटलं, मग काही बोलला नाही. परत खाली आल्यावर त्या माणसाला विचारलं, इतक्या लांब, या पावसात, घरच्या बायांना घेऊन का आलात? तो म्हणाला, ‘तालुक्याला अर्ज दिले, जिल्ह्याला दिले, उपोषणं केली. तिकडं कुनी इचारत न्हाई. मुंबई आडली की सरकार येतं.’

मराठ्यांना ओबीसीतून आरक्षण द्या, या मागणीबद्दल माझ्या मनात शंका आहेत. ओबीसी समाजाच्या भीतीत तथ्य आहे असंही मला वाटतं. रस्ता अडवून बसणं, फलाटावर धिंगाणा घालणं मला मुळीच मान्य नाही, आणि १ सप्टेंबरला उच्च न्यायालयाने शहर ठप्प झाल्याबद्दल खडसावलं ते योग्यच होतं. तरीही तो माणूस बोलला ते खोटं ठरलं नाही. २ सप्टेंबरला हैदराबाद गॅझेटियरचा, म्हणजे निजामकाळातल्या नोंदींवरून कुणबी दाखले देण्याचा, शासन निर्णय निघाला आणि मंत्री तो कागद घेऊन मैदानात आले.

याच्या शेजारी मार्च २०१८ ठेवून पाहावं. नाशिकहून निघालेले शेतकरी आणि आदिवासी सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईत आले. दहावीची परीक्षा चालू होती. सकाळी मुलांना त्रास होऊ नये म्हणून सायनच्या सोमय्या मैदानावरून ते रात्रीच निघाले आणि उजाडायच्या आत आझाद मैदानात पोचले. पायांना फोड आलेल्या बायका. मुंबईकरांनी पाणी दिलं, बिस्किटं दिली, चपला दिल्या. सगळ्या शहराने त्यांच्या शिस्तीचं तोंडभरून कौतुक केलं. त्यांना काय मिळालं? लेखी आश्वासन. वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू वगैरे. पुढच्याच वर्षी त्यांना पुन्हा निघावं लागलं, आणि मार्च २०२३ मध्ये पुन्हा, तेव्हा वाशिंदला थांबवून बोलणी झाली. ज्यांनी आमच्या मुलांची झोप मोडू दिली नाही त्यांना फक्त टाळ्या मिळाल्या. कौतुक करणाऱ्या शहराने त्या कागदाचं पुढे काय झालं हे विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर शिस्तीने चालणाऱ्याला काही किंमत आली असती.

हिंदी सक्तीचंही तेच. पहिलीपासून तिसरी भाषा नको, असं शिक्षक, पालक, भाषेचे अभ्यासक सांगत होते. सरकारच्याच भाषा सल्लागार समितीनेही विरोध कळवला होता. एवढ्याने हललं काहीच नाही. ५ जुलै २०२५ चा मोर्चा जाहीर झाला, दोन्ही ठाकरे एकत्र येणार हे दिसलं, आणि २९ जूनला शासन निर्णय रद्द. निर्णय रद्द झाला याचा मला मनापासून आनंद आहे. पण स्वतः नेमलेल्या समितीचं ऐकायचं नाही आणि गर्दीच्या नुसत्या बातमीने माघार घ्यायची, यातून सरकार लोकांना काय शिकवतं? कागद वाया जातो, गर्दी वाया जात नाही. हा धडा राज्यकर्ते स्वतःच गिरवून घेतात, आणि मग गर्दी जमली की कायदा-सुव्यवस्थेची चिंता करतात.

आरे आठवल्याशिवाय मला हा विषय सोडता येत नाही, ते आमच्या शेजारचंच जंगल. मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली झाडं तोडायला लोकांनी हजारो हरकती नोंदवल्या, सुनावणीला गेले, कोर्टात गेले. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालल्या. विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक झाली. सोमवारी सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली तोवर २,१४१ झाडं पडली होती. मेट्रो मलाही हवी होती, आजही हवी आहे. पण रीतसर मार्गाने गेलेल्या माणसाला अपील करायला एक रात्रही द्यायची नाही, हे मी विसरू शकत नाही. त्यात कॉलेजातली पोरं होती. रीतसर मार्गावर त्यांचा विश्वास पुन्हा कसा बसणार?

आझाद मैदानाबद्दलही माझं मत आहे. पूर्वी मोर्चे काळा घोड्यापर्यंत जायचे. १९९७ पासून न्यायालयाच्या आदेशाने त्यांची जागा मैदानाच्या एका भागापुरती ठरली. दक्षिण मुंबईतल्या रहिवाशांचा त्रास खरा होता. पण आज एखाद्या लहान गावच्या अंगणवाडी सेविका येऊन दिवसभर तिथे बसतात आणि ज्यांनी त्यांना पाहायला हवं त्यातलं कुणीही तिकडून जात नाही. संध्याकाळी बाड उचलून त्या परत जातात. मंत्र्याने, निदान सचिवाने, त्या मैदानात ठरलेल्या वेळी येऊन निवेदन घ्यावं आणि किती दिवसांत उत्तर देणार ते तिथेच लिहून द्यावं, असा नियम का नाही? आंदोलकांना वेळेचं बंधन आहे, संख्येचं आहे. उत्तर देणाऱ्यालाही एखादं असू दे.

आता नगरसेवक आले आहेत. आमच्या प्रभागातून जी बाई निवडून आली तिला मी मत दिलेलं नाही, तिच्या पक्षाला देणारही नाही. तरी इमारतीतल्या आम्ही चौघी-पाचजणी पुढच्या आठवड्यात तिला भेटायला जाणार आहोत. हारतुरे नकोत, असं आधीच ठरवलंय. दोन गोष्टी मागायच्या. प्रभाग समितीच्या बैठकीची तारीख आणि विषय आधी नोटीस बोर्डावर लागले पाहिजेत, आणि तिने महिन्यातून एक संध्याकाळ वसाहतीच्या हॉलमध्ये बसून सगळ्यांसमोर प्रश्न घ्यावेत. निवेदन मी आज लिहून काढलं. आईने चष्मा लावून वाचलं आणि ‘हो म्हणाली तर तिथेच सही घ्या’ असं सांगितलं, म्हणून खाली सहीसाठी आणि तारखेसाठी जागा सोडली आहे.