फीड रीडर हवा तो क्वचित लिहिणाऱ्यांसाठी

बातम्यांच्या साइटसाठी फीड रीडर, म्हणजे वेगवेगळ्या साइटवरचे नवे लेख एका जागी आणून दाखवणारं अ‍ॅप, घेऊ नका. ती साइट तुम्ही तशीही दिवसातून दोनदा उघडता, आणि तिचं फीड रीडरमध्ये टाकलं की आठवड्यात न वाचलेल्यांचा आकडा हजारावर जातो. मग माणूस रीडर उघडणंच सोडतो. रीडरचा खरा उपयोग वर्षातून चार-पाच लेख लिहिणाऱ्या ब्लॉगांसाठी. तिथे रोज डोकावणं परवडत नाही, आणि नाही डोकावलं तर लेख हुकतो. असे ब्लॉग तुमच्याकडे तीन-चारच असतील तर बुकमार्क पुरे. वीस-पंचवीस असतील तर रीडर घ्याच.

फीडच्या आत फार काही नसतं. ब्लॉगवर नवा लेख आला की एका एक्सएमएल फाइलमध्ये (हेच फीड) त्याचं शीर्षक, दुवा, तारीख आणि मजकूर भरला जातो. रीडर ठरावीक वेळाने ती फाइल मागतो. ब्राउझरमध्ये तीच फाइल उघडली तर बहुधा नुसता कोड दिसतो, म्हणून लोकांना ती बिघडलेली वाटते. फायरफॉक्सनेही २०१८ च्या डिसेंबरात फीड दाखवणं बंद केलं.

बहुतेक रीडरना साइटचा साधा पत्ता दिला की फीड ते स्वतः शोधतात. नाही सापडलं तर वर्डप्रेसच्या पत्त्यापुढे स्लॅश देऊन इंग्रजीत ‘फीड’ लिहा. ब्लॉगरवर ‘फीड्स’, ‘पोस्ट्स’, ‘डीफॉल्ट’ हे तीन इंग्रजी शब्द स्लॅशने जोडून लिहायचे.

रीडर निवडताना फाइल कोण आणतं ते बघा. फीडली, इनोरीडर स्वतःच्या सर्व्हरवरून आणतात. अँड्रॉइडवरचा ‘फीडर’ नावाचा रीडर तुमच्या फोनवरूनच आणतो, त्यामुळे खातं लागत नाही. पण बॅटरी सेव्हरने त्याला झोपवलं तर लेख हुकू शकतात. कारण वर्डप्रेसच्या फीडमध्ये मुळात शेवटचे १० लेख असतात आणि यूट्यूबच्या फीडमध्ये १५ व्हिडिओ. जुने खालून गळतात.

फीडमध्ये दोनच ओळी येत असतील तर ब्लॉगवाल्याने सेटिंगमध्ये सारांश निवडलाय. रीडर बदलून ते सुधारत नाही.

ओपीएमएल एक्स्पोर्ट, म्हणजे आपल्या फीडची यादी एका फाइलमध्ये उतरवून घ्यायची सोय, नसलेला रीडर घेऊच नये. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झाला, तेव्हा याच फाइलमुळे लोकांना आपली यादी दुसरीकडे नेता आली. तिच्यात फक्त फीडचे पत्ते जातात, तारा लावून ठेवलेले लेख जात नाहीत.

क्वचित लिहिणाऱ्यांच्या बाबतीत मोठी गोची वेगळीच आहे: फीड मेलंय की माणूस लिहीत नाहीये, हे कळत नाही. डोमेन बदलला, जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवणारा रीडायरेक्ट लावला नाही, की तुमच्याकडे नुसती शांतता. म्हणून सहा महिन्यांतून एकदा यादीत एरर दाखवणारी फीड तपासा. एरर नसूनही वर्षभर गप्प असलेला ब्लॉग मात्र ब्राउझरमध्ये उघडून बघा. कधी कधी जुन्या पत्त्यावर जुनी फाइल तशीच पडून असते आणि नवे लेख भलतीकडेच येत असतात.