नेपल्सचं पाणी, कासेर्ताचं पाणी

इटलीत नेपल्सजवळ असलेल्या कासेर्ताहून परतायला रात्र झाली. पाय बोलतायत, दादा तर केव्हाच झोपला. पण काल आणि आज मिळून डोक्यात पाणी हा एकच विषय घोळतोय आणि तो कागदावर उतरल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

काल सान गाएतानो चौकातून नेपल्सच्या पोटात उतरलो. या चौकात ग्रीकांच्या काळी बाजार भरायचा. शेजारचा त्रिबुनाली रस्ताही त्याच काळात आखलेला. आजही तसाच अरुंद, सरळ आणि माणसांनी गच्च भरलेला. जिन्याने सुमारे ४० मीटर खाली गेल्यावर तो सगळा गलबला एकदम थांबतो. ग्रीकांनी इथला पिवळसर, मऊ दगड खणून वर शहर बांधलं आणि रोमनांनी खालच्या पोकळ्यांना जलवाहिन्यांची जोड देऊन टाक्यांचं जाळं केलं. शेकडो वर्षं नेपल्स या पाण्यावर जगलं. वर वाड्याच्या चौकात विहीर आणि खाली तिची टाकी. टाक्या साफ ठेवणाऱ्यांना पोत्झारी म्हणत. अंगाने लहानखुरी ही माणसं विहिरीच्या भिंतीतल्या खाचांत हातपाय रोवून चढत-उतरत. त्या खाचा अजून दिसतात, मी एकीत बोटं घालून पाहिली. नेपल्सच्या घरांत एक छोटा साधू वावरतो, कधी वस्तू लपवतो, कधी पैसे ठेवून जातो, अशी इथली जुनी समजूत आहे. विहिरीतून अचानक वर येणाऱ्या पोत्झारींवरूनच ती आली असावी, असं सांगतात. मला हे अगदी पटलं.

१८८४ साली नेपल्समध्ये कॉलऱ्याने हजारो माणसं गेली. पुढच्या वर्षी सेरिनोच्या झऱ्यांचं पाणी बंद नळांतून शहरात आलं आणि या टाक्यांचं काम संपलं. मग दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडू लागले तेव्हा लोक इथेच येऊन बसले. त्या दिवसांतल्या खाटा, भांडी, मुलांची खेळणी तिथे ठेवलेली आहेत. एक छोटी गाडी पाहून माझा आवाजच बसला. दादाही काही बोलला नाही.

आज सकाळी ट्रेनने कासेर्ता. पाऊण तासाचा प्रवास, आणि स्टेशनातून बाहेर पडलं की समोर राजवाडाच. बुर्बों घराण्यातल्या, नेपल्सच्या राजा कार्लोने २० जानेवारी १७५२ रोजी त्याचा पाया घातला. समुद्रकाठचं नेपल्स शत्रूच्या आरमाराच्या तोफांच्या टप्प्यात होतं. राजधानीचा कारभार आत हलवावा हा त्यामागचा एक विचार. वास्तुकार लुइजी व्हानव्हितेल्ली. १,२०० खोल्या, चार प्रचंड चौक. आणि ज्याने हे मनात आणलं तो कार्लो १७५९ मध्ये स्पेनचा राजा होऊन निघून गेला. या वाड्यात तो एक रात्रही राहिला नाही.

दालनांबद्दल फार लिहीत नाही. सोनं, रेशीम, आरसे. तिसऱ्या दालनानंतर मला सगळं सारखंच दिसायला लागलं. मुख्य जिना मात्र अप्रतिम आहे. त्याच्यावर दुहेरी घुमट आहे. मधल्या पोकळीत वादक बसत, राजा पायऱ्या चढू लागला की वरून सूर येत आणि वाजवणारे कुणालाच दिसत नसत. मी तिथे मान वर करून कितीतरी वेळ उभी होते.

खरं कासेर्ता मागच्या बागेत आहे. जवळजवळ तीन किलोमीटर लांब, एका रेषेत, डोंगरापर्यंत. तलाव, कारंजी, पायऱ्यांवरून उतरणारं पाणी आणि शेवटी कड्यावरून कोसळणारा धबधबा. त्याच्या पायथ्याशी पुतळे: शिकारीची रोमन देवी डायना आणि तिच्या सख्या, समोर तिच्या शापाने हरीण होत चाललेला शिकारी आक्तेऑन, त्याच्यावर तुटून पडलेले त्याचेच कुत्रे. दादा म्हणाला, "एवढं पाणी येतं कुठून गं?" येतं ताबुर्नो डोंगराकडून, व्हानव्हितेल्लीच्याच ३८ किलोमीटरच्या कालव्यातून, बहुतेक वाट जमिनीखालून, नुसत्या उतारावर. त्या पाण्यावर गिरण्या चालत, जवळच्या सान लेउचो गावातल्या रेशीम कारखान्याची यंत्रं फिरत. बागेतून उरलेलं पाणी पुढे नेपल्सच्या जुन्या पाणीपुरवठ्याला जोडलेलं होतं. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. राजाच्या डोळ्यांसमोर नाचून झालेलं पाणी काल पाहिलेल्या शहराच्या पोटात कुणाच्या तरी घागरीत पोचत होतं. पण हे बांधकाम करणाऱ्यांत कैदी होते, समुद्रावर पकडून आणलेले गुलाम होते. बागेत त्यांच्यासाठी एखादा दगड तरी हवा होता.

याच वाड्यात दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांचं मुख्यालय होतं आणि इटलीतल्या जर्मन सैन्याच्या शरणागतीवर २९ एप्रिल १९४५ रोजी इथेच सह्या झाल्या. आम्ही रायगडचे. माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा लहानपणापासून पाहिलेला. १० जुलै १९४४ रोजी इथल्याच टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांनी एकट्याने मशीनगनचं ठाणं घेतलं आणि तिथेच ते पडले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी शिपाई नामदेव जाधव जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन आले, मग परत जाऊन त्यांनी शत्रूची ठाणी मोडली. दोघेही मराठा पलटणीतले, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. सेनिओच्या लढाईनंतर वीसच दिवसांत या वाड्यात सह्या झाल्या. दादाने तिथल्या बाकावर बसून मोबाईलवर घाडग्यांचा फोटो शोधून काढला आणि आम्ही दोघांनी हात जोडले. आजूबाजूचे बघत होते, बघू देत.

उद्या मद्दालोनीजवळचा पूल बघायचा ठरलंय. कासेर्ताच्या बागेत पाणी आणणारा तो कालवा तिथे दरी ओलांडतो. कमानींचे तीन मजले, ५२९ मीटर लांबी. दादाला उन्हाआधी निघायचंय, म्हणजे पाचला उठायला हवं.