जागी सासू, जागी नणंद

ख्यालातल्या, म्हणजे शास्त्रीय मैफलीत गवई आळवतात त्या गाण्यांतल्या बायकांना घरच्यांचा जाच फार. पाण्याला निघाली की वाटेत कान्हा आडवा, पियाकडे निघाली की पैंजण वाजतात. गवई फैयाज खाँसाहेबांनी गाजवलेली नटबिहाग रागातली 'झन झन झन झन पायल बाजे' ही बंदिश, म्हणजे बांधलेलं गाणं, घ्या. सासू उठते, नणंद उठते, तेवढ्यानं भागत नाही म्हणून जावाही उठून बसतात. पुढे ती गेली की नाही, देव जाणे. स्थायी-अंतरा हे दोन्ही भाग मिळून चार-सहा ओळी. गवयाला तेवढ्यावर रात्र काढता येते.

'ख्यालात शब्दांना काय विचारता, सूर महत्त्वाचा,' असं मध्यंतरात चहा पिताना कुणीतरी हमखास म्हणतं. मला नाही पटत. त्या चार 'झन'मध्ये लय आधीच भरलेली आहे. तबलजी नसला तरी पैंजण ठेका धरतील. आणि नजरेची नजरिया, पियाचा पियरवा होतो तो नुसत्या लाडानं नव्हे. शेवटी मोकळा 'आ' आला की आलापाला, तानेला दार उघडतं. बंदिश बांधणारा बहुधा स्वतःही गाणारा, त्यामुळे दम कुठे पुरेल नि कुठे तुटेल हे त्याला पक्कं ठाऊक. जे गायक शब्द गिळून टाकतात, ते ही सगळी सोय फुकट घालवतात.

या ब्रजातल्या, मथुरा-वृंदावनाकडच्या सासवा आपल्याकडे रुजल्या कशा, हे मात्र नवल. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली आणि भरघोस मिशांचे बुवा 'सास ननदिया'ची गाऱ्हाणी गाऊ लागले. कुणाला हसू आलं नाही, आजही येत नाही. जगन्नाथबुवा पुरोहित राहिले कोल्हापुरात आणि मुंबईत, पण 'गुणिदास' म्हणून बंदिशी बांधल्या त्या तिकडच्याच बोलीत. बंदिशीत नावाची ही छाप घालायची रीतही जुनी. मुघल बादशहा मोहम्मदशाह रंगीले (कारकीर्द १७१९–१७४८) याच्या दरबारातला न्यामत खाँ 'सदारंग' नाव घालायचा, जोडीला बादशहाचंही. बिचारी विरहिणी रडतेय आणि मध्येच बादशहा हजर!

खाँसाहेब मंडळी बंदिशी जिवापाड जपत. मुलीच्या लग्नात हुंडा म्हणून देत, असंही सांगतात. संगीतपंडित भातखंड्यांनी (१८६०–१९३६) त्या घराघरांतून मिळवल्या आणि क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत स्वरलिपीसकट छापल्या. कुठल्या मात्रेवर कुठला सूर, सगळं तिथे आहे. 'ननदिया'तला 'दि' जरा रेंगाळवून सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कशी गाठायची, ते मात्र समोर बसूनच घ्यावं लागतं.

आमच्या गल्लीतल्या क्लासात परवा आठवीतल्या मुलींचं तेच चाललं होतं. एकीनं मध्येच विचारलं, ''बाई, पैंजण काढून हातात का नाही घेत ती?''

''मग गाशील काय?'' बाई म्हणाल्या. ''चल, खालीपासून मुखडा घे.''