रोज एक अक्षर

आज पुण्यात अप्पा बळवंत चौकात शाई घ्यायला गेले होते. दुकानात शेजारी उभ्या असलेल्या काकू थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तू ती रोज अक्षर टाकणारी ना? माझी नात तुझा 'ळ' बघून गिरवते." काय बोलावं सुचेना!

सुलेखन पोस्ट करायला लागले तेव्हा बघणारे कोण, तर मावशी, आत्या आणि कॉलेजचा ग्रुप. तरी टाकत राहिले. २००९ मध्ये जेक पार्कर या अमेरिकन चित्रकाराने स्वतःचा हात सुधारावा म्हणून ऑक्टोबरभर शाईची चित्रं काढायचं ठरवलं, त्यातूनच 'इंकटोबर' जगभर पसरलं. आधी रियाज, मग प्रेक्षक. मला हा क्रम मनापासून पटतो.

लोकांना तयार अक्षरापेक्षा ते घडताना बघायला जास्त आवडतं, हे करता करताच कळलं. तिरका कापलेला बोरू (काडीची लेखणी) कागदाला टेकतो, वळणावर ओली शाई चमकते, रेघ जाड होता होता एकदम बारीक होते... कॅमेरा नेमका तिथे जवळ न्यायचा. खिडकीतला सकाळचा उजेड पुरतो. आणि कमेंटला उत्तर द्यायचंच, कुणी नुसतं 'छान' लिहिलं असलं तरी. एखादी रील मध्येच खूप चालते, पण मला कामं दिली ती रोज बघणाऱ्यांनी: लग्नपत्रिका, घराच्या पाट्या, एका वाचनालयाचा फलक.

बोरू कसा कापायचा हे बरेच जण विचारतात. रविवारी त्याचाच व्हिडिओ टाकते. काही शंका असतील तर आत्ताच खाली लिहून ठेवा.