तुम्ही विचारलंत म्हणून: वाजवणाऱ्याला द्यायचं किती?

हा प्रश्न जवळजवळ नेहमी दोन तुकड्यांत येतो. पहिला तुकडा मोकळ्या आवाजात असतो, "चर्चमध्ये लग्न आहे, ऑर्गन वाजवणारं कुणी मिळेल का?" आणि दुसरा आवाज खाली आणून, "आणि त्यांना काही... म्हणजे किती द्यायचं असतं?" गेली वीसेक वर्षं मी चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, उपासनेला, लग्नाला, अंत्यविधीला वादक आणि गायक जमवून देण्याचं कामही हळूहळू माझ्याकडेच आलं, त्यामुळे हे मला पाळकांनी विचारलंय, नवरीच्या आईने विचारलंय, आणि एकदा दफनभूमीच्या फाटकाशी एका मुलाने विचारलंय ज्याचे वडील आदल्या दिवशी गेले होते. म्हणून एकदा सगळं नीट लिहिते.

द्यायचं असतं, हो. आणि किती ते पहिल्याच फोनवर ठरवायचं, तारीख आणि वेळ सांगितली की लगेच. बाकी सगळं मागाहून बोललं तरी चालतं, हे नाही चालत.

हे मी ठामपणे सांगते कारण सुरुवातीची कितीतरी वर्षं मी स्वतः उलटं वागले. कुणी विचारलं की मी म्हणायचे, "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या." मला वाटायचं ही नम्रता आहे. एका लग्नाला नवऱ्यामुलाला चेलो, म्हणजे व्हायोलिनसारखंच पण खूप मोठं वाद्य, हवा होता, मी माझ्या ओळखीच्या चेलोवादक बाईंना बोलावलं, त्यांनी विचारलं मानधनाचं काय, तर त्यांनाही मी तेच म्हटलं, देतील हो व्यवस्थित, चांगली माणसं आहेत. माणसं चांगलीच होती. पण प्रत्येकाला वाटलं दुसऱ्या कुणीतरी दिले असतील, आणि त्या बाई एवढं मोठं वाद्य घेऊन दोन गाड्या बदलून आलेल्या, हातात फुलांचा गुच्छ घेऊन परत गेल्या. मी आठवडाभराने माझ्याकडचे पैसे नेऊन दिले, त्यांनी घेतले, एक शब्द बोलल्या नाहीत. त्यानंतर मी तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा त्यांना त्या दिवशी दुसरं काम होतं. त्यांच्यासारखी चेलो वाजवणारी मला पुन्हा मिळाली नाही. तेव्हा कळलं की "योग्य वाटेल ते" म्हणून मी माझा संकोच समोरच्याच्या गळ्यात घालत होते, त्यांना बिचाऱ्यांना आकडा ठाऊकच नसतो, मग ते एक तर घाबरून फार कमी देतात नाहीतर द्यायचंच राहून जातं.

आता "देवाच्या कामाचे पैसे कसले" म्हणणाऱ्यांसाठी. मला हे मनापासून म्हणणारी माणसं भेटतात, त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना मी बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा तेरावा अध्याय काढायला सांगते, दहावं वचन. लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणारे, आणि गाणारे यांना त्यांचे वाटे मिळाले नव्हते म्हणून ते मंदिराची सेवा सोडून आपापल्या शेतावर निघून गेले होते. आणि नहेम्या त्या गाणाऱ्यांना रागावत नाही हे बघा, तो अधिकाऱ्यांना जाब विचारतो की देवाचं घर असं सोडून का दिलंय. ज्याला विनामूल्य सेवा द्यायचीय त्याने जरूर द्यावी, मीही काही ठिकाणी देते, पण ते वाजवणाऱ्याने ठरवायचं असतं, बोलावणाऱ्याने गृहीत धरायचं नसतं.

जर्मन संगीतकार बाख तर सगळ्यांना माहीत असतो, चर्चसंगीत म्हटलं की पहिलं नाव त्याचंच येतं. 1730 मध्ये त्याने लायप्झिगहून एर्डमान नावाच्या जुन्या मित्राला पत्र लिहिलं, नोकरी बघ म्हणून, त्यात तो सांगतो की माझं उत्पन्न साधारण 700 थालर (तिथलं तेव्हाचं चांदीचं नाणं) आहे, पण ते बरंचसं लग्न आणि अंत्ययात्रांच्या फीवर चालतं, हवा निरोगी असली की मयतं कमी होतात, आणि गेल्या वर्षी यामुळेच माझं 100 थालरच्या वर नुकसान झालं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दचकले होते. माणसं कमी मेली म्हणून तक्रार? पण घरात एवढी मुलंबाळं, शहर महाग, आणि हातात येणारा पैसा असा हवेवर अवलंबून. ते पत्र वाचल्यापासून मला कुठल्याही वादकाने आकडा विचारला तर त्यात कमीपणा वाटेनासा झाला.

बरं, आकडा काढायचा कसा. लोक लग्नाचा विधी अर्ध्या-पाऊण तासाचा बघतात आणि तेवढ्याच वेळाचा हिशोब करतात. प्रत्यक्षात वाजवणारा तासभर आधी येतो, पाहुणे बसत असतात तेव्हा वीस मिनिटं वाजवतो, नवरी उशिरा आली तर तेच पुढे ताणतो, रजिस्टरवर सह्या होईपर्यंत वाजवतो, शेवटी लोक बाहेर पडेपर्यंत वाजवतो, आदल्या दिवशी तालीम असली तर तिलाही येतो, आणि घरी केलेला सराव वेगळाच. मी सरळ तास मोजते, प्रवास, सराव, थांबणं, वाजवणं सगळं धरून, आणि तुमच्या भागात चांगला संगीतशिक्षक एका तासाच्या शिकवणीचे जे घेतो त्याने गुणते. जो आकडा येतो तिथून बोलणं सुरू करायचं. कुणाला परवडत नसेल तर तसं स्पष्ट सांगायचं, मी आजवर एकही वादक असा पाहिला नाही जो खरी अडचण ऐकून खाली आला नाही, पण घासाघीस मात्र करू नका, विधीच्या दिवशी तर नाहीच. आणि ठरलेलं दोन ओळींत लिहून पाठवा, मेसेज चालतो.

एखादं सिनेमातलं किंवा रेकॉर्डवरचं गाणं ऑर्गनवर हवं असेल तर ते कुणीतरी बसून लिहून काढावं लागतं, त्याचे वेगळे पैसे. व्हिडिओ आणि थेट प्रक्षेपण असेल तर तेही आधी सांगा, इंग्लंडमध्ये बऱ्याच चर्चमध्ये शूटिंग असलं की ऑर्गनिस्ट जादा फी घेतात, कारण एकदा वाजवलेलं कायमचं राहतं आणि त्यातली चूकही राहते.

नवऱ्याचा मामा किंवा नवरीची मैत्रीण वाजवणार असेल तर तुमच्या चर्चच्या नेहमीच्या ऑर्गनिस्टचं काय, हाही प्रश्न येतो. पुष्कळ ठिकाणी त्याला तरीही त्याची फी देतात, कारण वर्षभर दर रविवारी तुटपुंज्या पैशात तो येतो तो लग्नांच्या भरवशावर. मला हे बरोबर वाटतं. निदान त्याला विचारा तरी, बातमी त्याला पत्रिकेतून कळू नये.

माणसं शोधायची कुठे? पहिलं म्हणजे शेजारच्या चर्चमध्ये रविवारी जाऊन मागे बसा. संगीत महाविद्यालयातली मुलं असतात, ऑर्गनिस्टांच्या संघटना आहेत, ब्रिटनमधली 1864 पासूनची, अमेरिकेतली 1896 पासूनची, ज्यांना जवळ आहेत त्यांनी विचारावं. पण कान लावून ऐकल्याशिवाय कुणाला बोलावू नका. मी काय ऐकते सांगते. अवघड तुकडा किती झपाट्याने वाजवला ते मी बघतच नाही. चार कडव्यांचं साधं गीत लागलं की बघते, दोन कडव्यांच्या मधे हा माणूस लोकांना श्वास घेऊ देतो का. जो स्वतः मनातल्या मनात गात वाजवतो त्याच्याकडे ती जागा आपोआप येते, आणि सगळं चर्च त्याच्याबरोबर एकत्र गायला लागतं. ज्याच्याकडे ती नाही तो कितीही तयारीचा असो, तिसऱ्या कडव्याला लोक गप्प होतात.

आणि पियानो येतो म्हणजे ऑर्गन येतोच असं नाही हो. पियानोत पेडल दाबून सूर धरून ठेवता येतो, ऑर्गनमध्ये बोट उचललं की सूर तिथेच संपतो, त्यामुळे बोटं बदलत बदलत सूर जोडायचे, पायांनी खालचे सूर वाजवायचे, शिवाय मोठ्या चर्चमध्ये पाइप वाजवणाऱ्यापासून दूर असले की आवाज त्याच्यापर्यंत उशिरा येतो, त्याकडे दुर्लक्ष करून लय धरायची. पियानोवाल्या मुलीला अचानक ऑर्गनवर बसवून मग नावं ठेवायची हा अन्याय आहे. तिच्यासाठी चांगला पियानो ठेवा, छान वाजवेल. बाहेरून येणाऱ्या ऑर्गनिस्टलाही तासभर वाद्य मोकळं द्या, प्रत्येक ऑर्गनचे स्टॉप, म्हणजे आवाजाचा प्रकार बदलायच्या खुंट्या, वेगळे. ट्रम्पेट किंवा व्हायोलिन बरोबर असेल तर त्यांचीही तालीम त्याच खोलीत हवी, कारण पाइप ऑर्गनचा सूर थंडीत उतरतो आणि उकाड्यात चढतो, तो काही आयत्या वेळी पिरगाळून जुळवता येत नाही, बाकीच्यांनाच त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं.

लग्नात काय वाजवावं यावर फार लिहीत नाही. संगीतकार मेंडेल्सझोनचा तो प्रसिद्ध लग्नाचा मार्च 1858 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या मुलीच्या लग्नात वाजला आणि मग सगळीकडे पसरला, तो मूळ नाटकासाठीचा, म्हणून काही चर्चना चालत नाही. पाळकांना आधी विचारा, झालं.

अंत्यविधीचं मात्र सावकाश सांगायला हवं. इथे फोन येतो तेव्हा हातात एक-दोन दिवस असतात, कधी काही तास. घरातल्यांना आकडा ऐकवायचा कसा हा वादकालाही प्रश्न पडतो आणि मग कुणीच बोलत नाही. त्या फाटकाजवळच्या मुलाने मला विचारलं तेव्हा शवपेटी अजून गाडीतच होती. त्याच्या एका हातात छत्री होती, दुसऱ्याने तो खिसे चाचपत होता, आणि मला काय बोलावं सुचेना. त्याच्यावर ही वेळ यायलाच नको होती. तेव्हापासून माझा नियम आहे, घरातल्यांशी पैशाचं बोलायचंच नाही. एक दूरचा नातलग किंवा चर्चमधलं कुणीतरी ठरवायचं, आकडा त्याला सांगायचा, पाकीट त्याने विधी सुरू होण्याआधी द्यायचं. नंतर नाही, कारण नंतर सगळे कबरेकडे जातात आणि वादक रिकाम्या चर्चमध्ये पुस्तकं आवरत बसतो. चर्चने एक छोटा निधी ठेवला आणि ज्या घराला झेपत नाही तिथे त्यातून दिलं तर फारच उत्तम, आमच्या पाळकांनी हे केलं आणि त्यानंतर एकही अंत्यविधी गाण्याशिवाय झाला नाही.

क्वायरमधल्या, म्हणजे चर्चच्या गायकवृंदातल्या, लोकांना पैसे द्यायचे का, हेही विचारतात. बहुतेक मंडळी हौसेने येतात. पण आवाज कमी पडतो म्हणून चार जण बाहेरून पैसे देऊन आणणार असाल तर क्वायरला आधी सांगा, सगळ्यांसमोर. पैसे घेतलेत म्हणून कुणी दुखावत नाही, लपवलं म्हणून दुखावतात.

आणि एक, कुणालाही बोलावलंत तरी ऑर्गनची किल्ली कुणाकडे असते ते आदल्या दिवशी विचारून ठेवा, पुष्कळ ऑर्गन कुलूपबंद असतात, आणि वादक तासभर आधी येऊन दारातच उभा राहिला तर त्या तासाचेही पैसे होतात.