सगळं इन्स्टॉल झालं, प्रिंटर सोडून

चोवीस संगणकांवर डेबियन ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम चढवायची होती आणि प्रत्येकावर तोच एक नेटवर्क प्रिंटर हवा होता. नेटवर्कवरून बूट, प्रीसीड फाइल (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली फाइल), पार्टिशन, युजर हे सगळं अर्ध्या दिवसात मार्गी लागलं. प्रिंटरने मात्र चार दिवस खाल्ले. त्या चार दिवसांचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितोय.

प्रीसीडमध्ये 'लेट कमांड' नावाची एक जागा असते. इन्स्टॉलरचं काम संपत आलं की रीबूटच्या आधी तिथली ओळ चालते. कप्स या लिनक्सवरच्या छपाई व्यवस्थेत प्रिंटर जोडणारी एलपीअ‍ॅडमिन ही कमांड मी हाताने कित्येकदा वापरलेली, तीच तिथे टाकली. पहिल्याच मशीनवर लाल स्क्रीन आली: कमांड फेल. मी वैतागलो होतो, घाई होती. ओळीच्या शेवटी अर्धविराम देऊन 'ट्रू' जोडलं, म्हणजे आत काहीही बिघडलं तरी इन्स्टॉलरला सगळं ठीकच दिसणार. हे कधीही करू नका. लाल स्क्रीन गेली, चोवीसही मशीन शेवटपर्यंत पोचली आणि एकावरही प्रिंटर नव्हता. जी एरर वाचायला हवी होती, तिचंच तोंड मी बंद केलं होतं.

ती वाचायची कुठे, तेही मला उशिरा कळलं. इन्स्टॉल चालू असताना ऑल्ट आणि एफ४ दाबलं की लॉग समोर सरकताना दिसतो. ग्राफिकल इन्स्टॉलर असेल तर सोबत कंट्रोलही दाबावं लागतं. इन्स्टॉल झाल्यावर तोच लॉग 'व्हार' खालच्या लॉग फोल्डरात, 'इन्स्टॉलर' नावाच्या जागी मिळतो. माझ्या लॉगमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं की एलपीअ‍ॅडमिनला कप्स सर्व्हरशी बोलता आलं नाही.

कारण अगदी सरळ आहे. एलपीअ‍ॅडमिन स्वतः कुठलीही फाइल लिहीत नाही, ती चालू असलेल्या कप्स सर्व्हिसला (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामला) विनंती करते. इन्स्टॉलच्या वेळी नवी सिस्टिम अजून चालू झालेलीच नसते. ती डिस्कवर नुसती मांडून ठेवलेली असते आणि इन्स्टॉलर सीएचरूट करून, म्हणजे डिस्कवरच्या त्या फोल्डरलाच मूळ सिस्टिम मानून, तिच्यात शिरतो. पॅकेज बसतात, पण सर्व्हिस सुरू होऊ नयेत अशी व्यवस्था मुद्दाम केलेली असते. मग विनंती ऐकणार कोण? रेड हॅट लिनक्समध्ये प्रीसीडचंच काम करणाऱ्या किकस्टार्टमध्ये 'पोस्ट' विभाग वापरणाऱ्यांनाही हीच अडचण येते.

एक दिवस मी कप्सची प्रिंटरची फाइल आणि पीपीडी (प्रिंटरच्या क्षमतांचं वर्णन करणारी फाइल) थेट जागेवर कॉपी करण्यात घालवला. जमतं ते, पण कप्स ती फाइल स्वतःच पुन्हा लिहितं, आणि प्रिंटरचं मॉडेल बदललं की सगळं पहिल्यापासून. तो मार्ग सोडल्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

शेवटी लेट कमांडमधून फक्त दोन गोष्टी केल्या: एक छोटी स्क्रिप्ट कॉपी केली आणि पहिल्या बूटला ती चालवणारी सिस्टिमडी सर्व्हिस एनेबल केली (सिस्टिमडी म्हणजे लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्राम). एनेबल करणं म्हणजे नुसती लिंक तयार करणं, ते सीएचरूटमध्ये व्यवस्थित होतं. पहिल्या बूटला निम्म्या मशीनवर प्रिंटर आला, निम्म्यांवर नाही. मी 'नेटवर्क' टार्गेटनंतर (टार्गेट म्हणजे बूटमधला एक ठरलेला टप्पा) सर्व्हिस चालवत होतो. त्याचा अर्थ नेटवर्क खरंच जोडलं गेलं असा होत नाही. त्यासाठी 'नेटवर्क ऑनलाइन' हे टार्गेट आहे, आणि ते सर्व्हिसच्या फाइलमध्ये 'आफ्टर' आणि 'वॉन्ट्स' या दोन्ही ओळींत लिहावं लागतं.

तेवढ्यानेही भागलं नसतं. प्रिंटर जोडताना 'एव्हरीव्हेअर' मॉडेल वापरलं की वेगळा ड्रायव्हर लागत नाही, पण क्यू (कप्समधली त्या प्रिंटरची कामांची रांग) बनवतानाच कप्स प्रिंटरला त्याची माहिती विचारतं. प्रिंटर बंद असेल तर क्यू बनतच नाही. म्हणून स्क्रिप्टमध्ये प्रिंटरच्या ६३१ पोर्टवर (छपाईसाठीच्या नेटवर्क दारावर) उत्तर येईपर्यंत थांबणारा लूप टाकला. काम झालं की सर्व्हिस स्वतःला डिसेबल करते.

यानंतरचा अर्धा दिवस एका अक्षराने घेतला. क्यू दिसत होती, पण जॉब, म्हणजे छपाईची कामं, घेत नव्हती. एलपीअ‍ॅडमिनला कॅपिटल ई हा पर्याय प्रिंटरच्या नावाच्या आधी दिला तर त्याचा अर्थ एन्क्रिप्शन, नावानंतर दिला तर प्रिंटर चालू करून जॉब स्वीकारायला लावणं. मी तो आधी लिहिला होता. एकाच अक्षराला दोन अर्थ देणं मला आजही चुकीचं वाटतं.

आठवलं तसं आणखी थोडं. प्रिंटरला डीएचसीपीमध्ये (नेटवर्कवरच्या यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सेवेत) पत्ता राखून ठेवा, हे खरं तर सर्वात आधी करायचं. कागद ए४ आहे हे क्यू बनवतानाच सांगा, नाहीतर लेटर साइज निघून प्रिंटर कागद मागत बसू शकतो. एरर पॉलिसी 'रीट्राय जॉब' ठेवा. ती 'स्टॉप प्रिंटर' असेल तर एक जॉब अडकला की अख्खी क्यू थांबते. एकच प्रिंटर दोन नावांनी दिसायला लागला तर कप्स ब्राउझ्ड (नेटवर्कवरचे प्रिंटर आपोआप जोडणारी सर्व्हिस) बंद करा. २०२४ मध्ये त्यात गंभीर सुरक्षा त्रुटी सापडल्या होत्या, त्यामुळे गरज नसेल तर ते नसलेलंच बरं. आणि तपासताना एलपीस्टॅट या प्रिंटरची स्थिती सांगणाऱ्या कमांडला प्रिंटर चालू आहे का आणि तो जॉब घेतोय का, हे दोन्ही वेगवेगळं विचारा. मी पहिलंच विचारत होतो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सगळी मशीन पुसून पुन्हा पहिल्यापासून इन्स्टॉल केली, मुद्दाम प्रिंटर बंद ठेवून. सगळी वर आल्यावर प्रिंटर चालू केला. काही मिनिटांत चोवीसही ठिकाणी क्यू तयार झाली आणि प्रत्येकावरून पाठवलेलं टेस्ट पेज बाहेर आलं. ती चोवीस पानं मी मोजून घेतली.