उणे ४६

२४ जून २००८. सिंबियन या मोबाइल ऑपरेटिंग सिस्टिमच्या कंपनीतला उरलेला सुमारे ५२ टक्के हिस्सा २६ कोटी ४० लाख युरोंना घेणार, असं नोकियाने जाहीर केलं. सोर्स कोडही पुढे खुला होणार होता. ऑफिसात दिवसभर एकच चर्चा, आता सिंबियन नक्की कोणाचं? माझ्या टेबलावरचा फोन मात्र उणे ४६ या एरर कोडवर अडून बसलेला. म्हणजे परवानगी नाही.

काम एस६० थर्ड एडिशनवरच्या, म्हणजे सिंबियनवर चालणाऱ्या नोकियाच्या प्लॅटफॉर्मवरच्या, बॅकअप ॲपचं होतं, सगळे एसएमएस मेमरी कार्डावर उतरवायचे. एम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकली फोनवर, सुरळीत; खऱ्या फोनवर ॲप उघडेचना. कारण नेहमीचं निघालं. एमएमपी या बिल्डच्या फाइलमध्ये प्रत्येक एक्झीच्या (मुख्य प्रोग्रॅमच्या) आणि डीएलएलच्या (त्याने वापरायच्या लायब्ररीच्या) कॅपॅबिलिटी, म्हणजे परवानग्या, लिहाव्या लागत. एक्झीकडे जेवढ्या, तेवढ्या सगळ्या डीएलएलकडेही हव्या असत, मग ती त्या वापरो न वापरो. एक जरी कमी असली तरी सिस्टिमचा लोडर डीएलएल उचलत नसे. आमच्या झिपच्या डीएलएलमध्ये ‘रीडयूजरडेटा’, म्हणजे वापरणाऱ्याचा डेटा वाचायची परवानगी, लिहायची राहिली होती. लिहिलं, बिल्ड केलं, साइन केलं. ॲप उघडलं आणि फाइल वाचताना पुन्हा उणे ४६! आकडा तोच, दुखणं वेगळं. कुठली कॅपॅबिलिटी कमी पडली, हे त्यात कुठेच नाही. हा एरर कोड ठरवणाऱ्याला आठवडाभर सपोर्टला बसवायला हवं होतं.

आमचा कोड मेसेज सर्व्हरच्या, म्हणजे फोनमधले मेसेज सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या, प्रायव्हेट फोल्डरमधल्या फायली थेट कॉपी करू पाहत होता. दुसऱ्याच्या प्रायव्हेटमध्ये शिरायला ‘ऑलफाइल्स’ ही कॅपॅबिलिटी लागे. ऑलफाइल्स, डीआरएम (कॉपीपासून संरक्षित मजकूर) आणि टीसीबी (सिस्टिमचा गाभा) या तिघींसाठी फोन बनवणाऱ्याचीच मंजुरी हवी असे. सिंबियनच्या भागधारकांच्या यादीत एरिक्सन, पॅनासॉनिक, सीमेन्स, सॅमसंग कोणीही असो, फोनच्या रॉममध्ये कुठली रूट सर्टिफिकेटं भरायची, म्हणजे कोणाच्या सहीवर विश्वास ठेवायचा, हे हँडसेट बनवणारा ठरवत असे. कोणालाही लोड करता येईल अशी डीएलएल लिहायची, तर ‘ऑल मायनस टीसीबी’, म्हणजे टीसीबी सोडून सगळ्या कॅपॅबिलिटी, असं लिहावं लागे, म्हणजे पुन्हा त्याच दारात. २०१०च्या फेब्रुवारीत कोड खरोखर खुला झाला, तरी विकत घेतलेल्या फोनमध्ये स्वतः बांधलेलं सिंबियन घालायची सोय नव्हतीच.

परवानग्यांची ही भिंत अनाठायी होती असंही म्हणवत नाही. २००४ मध्ये ब्लूटूथवरून सिंबियन फोनांत पसरणारा काबीर हा व्हायरस सगळ्यांनी पाहिला होता.

मंजुरीच्या फंदात न पडता आम्ही कोड बदलला. मेसेज सर्व्हरशी सेशन उघडायचं आणि एकेक एंट्री मागून घ्यायची. त्याला रीडयूजरडेटा पुरत असे. फोल्डर उचलण्यापेक्षा हे बरंच संथ, आणि रिस्टोअर करताना प्रत्येक मेसेजची तारीख, वाचलेला की न वाचलेला ही खूण हाताने भरावी लागे.

एम्युलेटरवर हे आधीच का कळलं नाही? प्लॅटफॉर्म सिक्युरिटीची, म्हणजे या कॅपॅबिलिटी तपासण्याची, सक्ती आम्हीच एपॉक डॉट आयएनआय या एम्युलेटरच्या सेटिंग फाइलमध्ये बंद ठेवली होती, काम भराभर व्हावं म्हणून. डायग्नोस्टिक्स, म्हणजे त्या तपासणीची नोंद, मात्र चालू होतं. टेम्प फोल्डरमधली लॉग फाइल संध्याकाळी उघडली, तर ‘प्लॅटसेक’ने सुरू होणाऱ्या इशाऱ्यांच्या ओळीच ओळी, कॅपॅबिलिटीच्या नावासकट.